काष्टीच्या मळ्यातली रेंज

फोन कसा तपासावा, हे मी माझ्या आत्याकडून शिकलो बरं का. ती आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, काष्टीला मळ्यात दोघंच राहतात. त्यांच्या मुलाने अमेरिकेतून तिला फोन पाठवला. शहरात, सावेडीतल्या माझ्या घरी तिचं सिम घालून मी म्हणालो, "अनलॉक आहे, आपल्याकडचं सिम चालतंय."

"हितं चालू दे," आत्या म्हणाली. "ह्यांना हार्टचा झटका येऊन गेलाय. मळ्यात लागाया पायजे."

मळ्यात नेला तर रेंजच येईना. मग आत्याने शेजारणीचं दुसऱ्या कंपनीचं सिम मागून आणलं, फोनमध्ये घातलं आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंत चालत डॉक्टरांशी बोलली. आवाज कुठेच तुटला नाही. तिने नंबर तोच ठेवून कंपनी बदलली.

मुलाने विचारलं, "आई, कॅमेरा कसा आहे?"

"त्यो बघितला न्हाई अजून," ती म्हणाली. "डॉक्टरांना लागतोय, येवढं बघितलं."