गोठ्यातलं नाटकाचं पद

संस्थानाच्या काळात, महाराजांच्या राज्यात, आमच्या घरी एकच भांडण असायचं, गाण्यावरून. माझे वडील, आबा, भजनी मंडळातले. मी सकाळी म्हशीची धार काढताना नाटकातली पदं गायचो, ते त्यांना सोसायचं नाही. एकदा म्हणाले, "असलं नाटकी गाणं ह्या घरात चालायचं न्हाय."

मी रागानं कोडोलीला मामाकडं निघून गेलो. पाचव्या दिवशी आबाच दारात.

"चल घरला."

"गाऊ देणार असाल तर येतो."

आबा खाली बघत म्हणाले, "तुझ्याबगर म्हस पान्हा सोडंना. मी अभंग म्हटला, तर लाथ मारली तिनं. मग तुझं पद म्हणून बघितलं. पर ती वरची तान मला जमंना. तेवढी शिकीव की."