दोन थापा

माझा जन्म चाकूर तालुक्यातला. वडील सुतार, औतं करायचे, बैलगाडीची चाकं करायचे. मी थोरला, पण माझा हात रंध्यावर कधी बसला नाही, म्हणून वडिलांनी मला अहमदपूरच्या तालमीत आणून सोडलं, म्हणाले, ह्याला लाकडाचं जमत न्हाई, मातीचं बघा. तिथंच वाढलो, तिथंच लढलो आणि माझे वस्ताद गेल्यावर तिथंच वस्ताद झालो. आज शहात्तरावं चालू आहे आणि माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत. हे मुद्दाम सांगून राहिलो.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या तालमीत एक रीत होती. सरावात कुणी कुणाला धरलं की वस्तादानं सुट म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. खालचा ओरडू दे, मातीवर थापा मारू दे, वरच्याचा कान वस्तादाकडं. मला असंच शिकवलं, मीही तसंच शिकवलं. वस्तादाचं लक्ष असतं, अशी सगळ्यांची समजूत.

माझे दोन पठ्ठे होते. बसवराज उदगीरचा, घरी धान्याची आडत, अंगानं भरलेला आणि तोंडानं फाटका. निवृत्ती माझ्याच गावचा, मोजकं बोलणारा. दोघं एका खोलीत राहायचे. बसवराजाच्या घरी मटण चालत नव्हतं, तो म्हणायचा, निवर्त्या, मी दुधावर तुला उचलतो अन् तू बोकड खाऊन मला उचलत न्हाईस, त्या बोकडाची तरी लाज राख. निवृत्ती नुसता हसायचा.

त्या सकाळी नांदेडहून एका तालमीची माणसं आली होती. मला माझा एक डाव दाखवायचा होता. समोरचा चितपट होऊ नये म्हणून पोटावर पडून माती धरून राहिला, की त्याचा एक पाय काखेत घ्यायचा, टाच आवळायची आणि पिळत पिळत त्याला पाठीवर आणायचा. पिळायचा पाय, पण सगळा जोर जातो गुडघ्यात. आणि गुडघ्याचं वेगळं असतं बघा. खांदा आधी ओरडतो, माणूस सावध होतो. गुडघा ओरडत नाही, तुटल्यावरच कळतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

निवृत्तीनं पाय धरला. बसवराज उलटेना. पाहुणे हसायला लागले, म्हणाले, वस्ताद, डाव बुरसटला वाटतं. मी म्हणालो, आवळ. तेवढ्यात बसवराजानं मातीवर हात आपटला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. निवृत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा म्हणालो, आवळ. मग ओला फोक मोडावा तसा आवाज झाला, आणि बसवराज उलटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

हाडवैद्याकडं नेलं, त्यानं गरम तेलानं चोळून उरलंसुरलं बिघडवलं. पुढं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली बंधनं तुटलीत, कुस्ती विसरा. त्या दिवशीच संध्याकाळी बसवराजाचे वडील आले होते, विचारलं, कुणी केलं हे. मी म्हणालो, मी सुट म्हणालो होतो अण्णा, ह्यानं ऐकलं न्हाई. निवृत्ती तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली. वस्तादाला खोटं पाडायची आमच्यात पद्धत नव्हती, बाकीची पोरंही गप्प राहिली. डावाच्या वेळी बसवराजाचं तोंड मातीत होतं, मी काय म्हणालो ते त्यानं ऐकलंच नव्हतं. निवृत्तीला लोक पायमोड्या म्हणायला लागले. त्याच्याशी कुणी जोड लावेना. तो गावी गेला आणि माझ्या वडिलांनी मला शिकवायचं सोडून दिलं होतं ते सुतारकाम माझ्या धाकट्या भावाकडून शिकला.

तीसेक वर्षं झाली. गेल्या महिन्यात लातूरला मॅटवरच्या कुस्तीचा वर्ग निघाला, मला नारळ फोडायला बोलावलं. दोन मुली लढत होत्या. एकीनं पाय धरला, दुसरीनं मॅटवर थाप मारली, नुसती टेकवल्यासारखी. पहिलीनं तिथंच सोडलं. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. दोघी उठल्या, एकमेकींचे केस नीट केले आणि परत लागल्या.

मी चहाला थांबलो नाही. एसटीनं थेट उदगीरला गेलो. बसवराज आडतीत बसला होता, काठी बाजूला. म्हणाला, या वस्ताद. मी उभ्यानंच सांगितलं, मी सुट म्हणालोच नव्हतो, आवळ म्हणालो होतो. त्यानं मधे एकच विचारलं, मी दोनदा थाप मारली होती, तुम्ही बघितली? मी म्हणालो, हाव, दोन्ही बघितल्या.

त्यानं काठी ओढून मांडीवर घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग आमच्या गावाकडच्या एका हमालाकडून निवृत्तीचा नंबर घेतला, फोन लावला, म्हणाला, निवर्त्या, मी बशा बोलतो. पुढं म्हणाला, तू मला न सांगता गेलास, एवढं बोलायला फोन केला, आता उदगीरला ये. फोन ठेवला आणि मला म्हणाला, तुम्ही निघा वस्ताद, गाडी चुकंल.

निवृत्ती उदगीरला जाऊन आला म्हणे. मला त्यानं काही कळवलं नाही, कळवायला पाहिजे असंही नाही. दोघं सुखी असोत. तुम्ही हे लिहा, आणि पाय कुणी मोडला तिथं माझं नाव घाला, किशन वस्ताद.