वैशाली दिसते तशी

माहा जन्म गांधीबागेतला जी, बाप कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवाच्या कामाले, आणि मी त्याच्या पायाशी बसून थानातल्या पुठ्ठ्यावर कोळशानं गिऱ्हाइकायची तोंडं काढत राहाचो. तेच पुढे पोटाचं झालं. माणूस गेला का घरचे फोटो घेऊन येत, लग्नातला, आधार कार्डावरचा, कोणता भी, आणि मी त्याचं मोठं चित्र काढून देत होतो. काय सांगू तुम्हाले, चाळीस वर्षं मी लोकायले गोरं केलं. गाल भरून द्याचे, सुरकुती फडक्यानं पुसून टाकाची, देवीचे वण तर काढाचेच नाही. घरचे म्हणत, जसे समोर बसले आहेत. मले वाटे, हेच आपलं काम.

मग आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीतली वैशाली आली. तिच्या घरी गॅस भडकला होता, चार महिने दवाखान्यात काढले तिनं, अर्धं तोंड जळालं, डावा डोळा खाली ओढला गेला, ओठ एकीकडे आवळला. तोंडावर पदर घेऊनच आली, म्हणे काका, माहं चित्र काढून द्या. मी म्हटलं काढतो ना बाई, आणि तिचा लग्नातला फोटो मागवला, मस्त चित्र काढलं. तिनं पाहिलं, चित्र उलटं करून ठेवलं, म्हणे, काहून जी काका, तुम्ही भी माह्याकडे पाहून नाही राहिले? मान वर करवेना मले. मग तिनं सांगितलं का तिची पोट्टी चिनू, चार वर्षाची, मायले पाहून किंचाळते, आजीच्या कुशीतून निघत नाही. चित्र भिंतीवर राहीन तर तिच्या डोळ्याले सवय होईन, म्हणे, चित्र काही जवळ येत नाही ना.

बसवलं तिले खिडकीपाशी, पदर काढून. तीन दिवस माहा हात आपोआपच पुसाले जाये. चौथ्या दिवशी फडकं आत ठेवून आलो. जळाल्या कातडीवर सावली ठरत नाही जी, चकाकते ते, तिथं कागद कोराच सोडा लागते, हे मले बासष्टाव्या वर्षी समजलं.

चित्र तिच्या घरी भिंतीवर लागलं. चिनू आधी पळाची, मग दुरून पाहाले लागली, मग त्याच्याशी बोलाले लागली, आई मी पोळी खाल्ली, म्हणे चित्राले. पण माय समोर आली का परत किंचाळी. मग वैशाली दाराआड बसून जवाब द्याची, शाब्बास वं बाई म्हणाची, आणि पोट्टीले वाटे चित्रच बोलून राहिलं. दोन महिने असंच चाललं, दोन महिने. एक दिवस वैशाली रडतच आली, म्हणे काका, उतरवा ते, पोट्टी त्या चित्राचीच झाली. मी जाऊन उतरवलं. चिनूनं असा आकांत केला का दोन दिवस जेवली नाही, शेवटी आजी तिले गावाले घेऊन गेली. मी चांगलं केलं का वाईट, मले अजून सांगता येत नाही.

आता फोटोवरून काढणं मी सोडलं. जिवंत माणूस समोर बसला तरच काढतो, पण येत नाही जी फारसं कोणी, आपलं खरं तोंड कोणाले पाहिजे?

परवा वैशाली दारात उभी राहिली. चिनू सुट्टीत गावाहून आली आहे, म्हणे. माह्या तोंडाकडे नाही पाहत अजून, पण सकाळी पाठ करून माह्यापुढे बसते, वेणी घालून घेते. मी मुद्दाम हळूहळू घालते, काका. मी म्हटलं, घाल वं बाई, जितका वेळ बसते तितका वेळ घाल. देव तुह्या हाताले बळ देवो.