चार नावांची एक छाती

डॉक्टरबाई: बसा मुकादम. हे चार एक्स-रे बघा आणि सांगा, तुमच्या दगडाच्या कारखान्यात माणसं साच्यातून काढतात का?

मुकादम: का हो बाई? चांगले आलेत की. काळेभोर, स्वच्छ.

डॉक्टरबाई: चौघांचीही डावी बरगडी मोडून जुळलेली आहे. तीच बरगडी, त्याच जागी, तसाच वाकडा सांधा.

मुकादम: आमच्याकडं लाद्या एकाच उंचीला रचतात. पडल्या की सगळ्यांना तिथंच लागतात.

डॉक्टरबाई: वा. आणि हा तुमच्या नावाचा. यातला माणूस फार तर तिशीचा आहे.

मुकादम: फोटोत मी लहानच दिसतो. घरचेही म्हणतात.

डॉक्टरबाई: मुकादम, सकाळपासून "श्वास घ्या, धरा, सोडा" सांगून माझा घसा बसलाय. त्यात तुम्ही मला येडं बनवताय. हा खोकला कधीपासून आहे?

मुकादम: खोकला नाही हो, घसा साफ करतोय.

डॉक्टरबाई: कारखान्याचा जिना चढताना तीन वेळा साफ केलात. इथपर्यंत ऐकू आलं. आता खरं बोला.

मुकादम: बरं, सांगतो. पण चिडायचं नाही.

डॉक्टरबाई: चिडून झालंय माझं. बोला.

मुकादम: तुमची तपासणीची गाडी फाटकात उभी राहिली आणि आमची पोरं घाबरली. छातीत डाग निघाला तर मालक दगड कापणीवरून काढणार, कमी मजुरीत माल भरायला लावणार. मग मीच डोकं चालवलं. आमच्यातला ज्याचा दम सगळ्यात दांडगा, त्यालाच चौघांच्या नावानं आत पाठवला. दर वेळी शर्ट बदलला, टोपी बदलली. चेहऱ्यावर तर पीठ फासल्यासारखी धूळ. तुमच्या फोटोवाल्यानं त्याला चारही वेळा "नमस्कार, या" म्हटलं.

डॉक्टरबाई: रिपोर्ट मालकाकडं जातो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

मुकादम: कुणी नाही. तो माझा अंदाज.

डॉक्टरबाई: देवा. तो ज्याचा त्यालाच मिळतो, मुकादम. गाडीवर केवढ्या अक्षरात लिहिलंय. बरं, ही छाती कुणाची?

मुकादम: माझ्या जावयाची. भाता म्हणतात त्याला सगळे. तोंडानं ट्रकची ट्यूब फुगवतो. दोन मजले लादी खांद्यावर घेऊन जातो आणि वर जाऊन शीळ घालतो. आमच्यात न खोकणारा तो एकटाच. म्हणून तर त्याला निवडला.

डॉक्टरबाई: बरगडीसाठी नाही बोलावलं मी तुम्हाला. इकडं वर बघा. हे बारीक ठिपके दिसतात?

मुकादम: फिल्मवर धूळ बसली असेल. रुमाल देऊ?

डॉक्टरबाई: धूळच आहे. पण आतली.

मुकादम: नाही हो. तो खोकत नाही ना पण.

डॉक्टरबाई: सुरुवातीला खोकला नसतोच पुष्कळांना. म्हणून तर गाडी घेऊन दारोदार फिरते मी. खोकला येईपर्यंत थांबायचं असतं तर घरी बसले असते.

मुकादम: एकदा फोटो चुकतोही की.

डॉक्टरबाई: एकदा चुकला असता. तुमच्या कृपेनं माझ्याकडं चार आहेत. चारही ठिकाणी तेच ठिपके.

मुकादम: बघू, द्या इकडं.

डॉक्टरबाई: धूळ उडू नये म्हणून पात्यावर पाणी सोडून कापतो ना तो?

मुकादम: आधी सोडायचा. पाण्यानं खुणेची रेघ पुसते, माप चुकतं. मीच म्हटलं, बंद कर ते. सुट्टी झाली की हवेच्या पाइपानं एकमेकांचे कपडे झटकतो आम्ही. पोरं त्यात मस्ती करतात. मीही करतो.

डॉक्टरबाई: त्यानं तर धूळ सरळ छातीत जाते, मुकादम.

मुकादम: औषध काय याच्यावर?

डॉक्टरबाई: झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. पण लवकर सापडलंय. आत्ता धूळ सोडली तर पुढं वाढायचं बरंचसं टळू शकतं. अजून तपासण्या करू, क्षयाचीही करू. तो कापणीला परत गेला तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही. बोलवा त्याला.

मुकादम: मी सांगतो. माझं ऐकतो तो.

(जावई दार ढकलून आत येतो.)

भाता: काय मामा, पकडले गेलात? म्हटलं होतं, बरगडी चुगली करणार.

मुकादम: बस इथं. तुझ्या छातीत ठिपके निघालेत. आजपासून कापणीच्या मशिनला हात लावायचा नाही.

भाता: बरं. पुढं?

मुकादम: पुढं काय? एवढंच.

भाता: मागं कारखाना विकला म्हणालात, मी सगळी हत्यारं धुऊन परत करायला गेलो. लग्नाच्या दिवशी पोरगी पळाली म्हणालात, मी डोकं धरून पायरीवर बसलो. आता ही तिसरी चेष्टा.

डॉक्टरबाई: खरं सांगताहेत ते. हे बघा, इथं.

भाता: बाईंनाही फितवलंत? मानलं तुम्हाला.

मुकादम: पोरीची शपथ घेऊन सांगतो, बाबा.

भाता: त्या दिवशीही तिचीच घेतली होती. मामा, मला साधा खोकला नाही. खोकता तुम्ही, आणि ठिपके मला?

मुकादम: पात्याचं पाणी मी बंद करायला लावलं. असलं कुणी चेष्टेत बोलतं का?

भाता: आज भारीच रंगवलंय. चला, माल कापायचा पडलाय.

डॉक्टरबाई: थांबा, अहो. मुकादम, सांगा ना त्यांना नीट.

मुकादम: किती नीट सांगू, बाई?

भाता: बरं, फसलो मी, झालं? शेवटी तुम्हाला हसू आवरत नाही, मला माहितीये. हसून टाका, मग निघू. … मामा? हसा की.