किरकोळ दुरुस्ती

...त्या खुर्चीवर नको, मॅडम, तिचा पाय हलतो, इकडे बसा. तर हॉस्पिटलच्या तुमच्या चौकशीत मी फक्त जाणकार म्हणून बोलतोय, हे आधी लिहून घ्या. भोक कुठं होतं? कर्नलमध्ये — म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, त्याला विचारल्याशिवाय आत पान हलत नाही. कसलं भोक? सोपं सांगतो. भाडेकरूनं खोली सोडली, खोली दुसऱ्याला दिली, पण पहिल्याकडची किल्ली परत घ्यायची राहिली. मग काय, येतो तो केव्हाही आणि घालतो दुसऱ्याच्या कपाटात हात. नऊ वर्षं ती किल्ली बाहेर होती. ते मी बुजवलं. दुरुस्ती किती? चार ओळी. हसू नका — त्या चार ओळींना मला अकरा दिवस लागले. बायको म्हणायची, एवढ्यात लोक भिंत बांधून रंगवतात.

आता दुरुस्तीबरोबर एक चिठ्ठी जोडावी लागते, काय बदललं त्याची. खरी गोम तिथंच आहे. आमचं काम सगळं उघड्यावर, कुणीही वाचावं. म्हणजे चोरही वाचणार की नाही? वाचणारच, आपल्यापेक्षा नीट वाचतात मेले. म्हणून रीत अशी, की भोक होतं हे चिठ्ठीत लिहायचंच नाही — लोकांनी दुरुस्ती लावून होईपर्यंत, जाहीर करायच्या ठरलेल्या मंगळवारपर्यंत, तोंडाला कुलूप, घरातसुद्धा. मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती, मेमरी सोडण्याचा क्रम नीट केला.' इतकं गुळगुळीत, की वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी चोरांनी त्या चार ओळींवरूनच उलटा माग काढला आणि रविवारी ते तुमच्या हॉस्पिटलच्या मशीनांत शिरले.

हलगर्जीपणा? नाही हो, धाकटा तसा नाही... धाकटा म्हणजे — तुमच्या कागदात तो 'यंत्रणा सांभाळणारा कर्मचारी' आहे. भाऊ माझा. आडनावावरून लक्षात आलं असेल. नाही आलं? मग बोलून बसलो मी. असू दे. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता, त्याच्या वह्यांना कव्हरं मी घातलीत, मॅडम. कामचुकार नाही तो. नवा कर्नल घालायचा तर मशीनं बंद करावी लागतात, आणि हॉस्पिटलात मशीन बंद म्हटलं की डॉक्टर अंगावर येतात. म्हणून तो दर वेळी चिठ्ठी वाचून ठरवायचा, आज की महिनाअखेरीस.

या वेळी नुसती वाचली नाही. गुरुवारी दुपारी फोन केला मला. 'दादा, तुझ्या नावाची दुरुस्ती आलीय. आज लावू, का महिनाअखेरीस चालेल?' सरळ विचारलं. आणि मी काय म्हणालो? — 'किरकोळ आहे रे, कर सावकाश.'

नियम? नियमात 'का' सांगायला बंदी होती, मॅडम. 'लाव' म्हणायला नव्हती. 'आजच लाव, कारण विचारू नकोस' — एवढं म्हटलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं, माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. पण मला भीती, आवाजावरून ओळखेल. गुपित राखण्यात आपण पटाईत, याचा भारी अभिमान हो मला! सहा दिवस मशीनं ठप्प, हॉस्पिटल कागदावर चाललं, लोकांची ऑपरेशनं पुढे गेली, आणि हा सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा. आता माझा फोन उचलत नाही. त्याची बायको उचलते, म्हणते, झोपलेत. सकाळी अकराला?

तेव्हा ते जाणकार-बिणकार खोडा आणि लिहा. कर्मचाऱ्यानं विचारलं होतं, भावानं खोटं सांगितलं. सही करतो मी. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, त्याची राहू दे. लिहा ना — पेन का ठेवलंत?

हे काय? त्याचा जबाब? बघू. हो, अक्षर त्याचंच. 'निर्णय सर्वस्वी माझा. मी कुणालाही विचारलं नव्हतं.' ...कुणालाही? तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत? तीनदा विचारलंत? आणि तिन्ही वेळा हेच?

राजीनामा दिला त्यानं — कधी? परवा? मंजूरही झाला?

नको, पाणी नको. तो कागद घ्या तुमचा. निघा आता, मॅडम. दार ओढून घ्या.