टाळ्यांनी मंजूर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष डॉ. चारुता देवस्थळी, आपल्याला हा हॉल देणारे, आणि मराठीचा एक शब्द कळत नसूनही आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लक्ष देऊन ऐकणारे प्रमुख पाहुणे श्री. यान फर्म्यूलन, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते मंडळाचे मावळते अध्यक्ष श्री. गुरुनाथ रांगणेकर, सचिव धवल, नेदरलँड्समधल्या आपल्या कापेलच्या मराठी मंडळाचे सभासद, आणि ब्रेडाहून, एनस्खेडेहून खास आजच्यासाठी आलेले स्नेही, सर्वांना माझा नमस्कार.

गुरुनाथरावांवर बोलायला मला सांगितलं, याचं तुमच्याइतकंच मलाही आश्चर्य वाटलं. धवलचा फोन आला. म्हणाला, "शामलाताई, पंधरा मिनिटं गौरवपर बोला." मी म्हटलं, "अरे, मी त्या माणसाशी दहा वर्षं भांडले." तो म्हणाला, "म्हणूनच. बाकी सगळे तेच तेच बोलणार आहेत." मुलगा दिसतो तेवढा साधा नाही.

तर गौरवापासून सुरुवात करते. माझे यजमान रॉटरडॅमला हॉस्पिटलात होते, तेव्हा गुरुनाथराव रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचे. वरणभात, एखादी भाजी, आणि ह्यांना आवडते म्हणून लसणाची चटणी. चटणीला तिथे बंदी होती. नर्सने हटकलं की गुरुनाथराव आपलं ते मोडकंतोडकं डच बोलायचे, नर्स हसायची आणि डबा आत जायचा. ह्यांनी शेवटचं चवीने खाल्लं ते तेच. या हॉलमधल्या निम्म्या घरांत त्यांनी असंच काही ना काही केलं आहे. कुणाला भाड्याचं घर शोधून दिलं, कुणाच्या आईला सोबत घेऊन हाउसआर्ट्सकडे, म्हणजे डॉक्टरकडे, तासन्‌तास बसले. या माणसावर लोकांचं प्रेम आहे आणि ते खरं आहे, हे आधी सांगून ठेवते. पुढे मी काय बोलेन याचा नेम नाही.

आता आपली निवडणूक. दर मार्चमध्ये वार्षिक सभा. सचिव उभे राहून म्हणायचे, "अध्यक्षपदासाठी गुरुनाथरावांचं नाव सुचवतो. सर्वांची संमती आहे असं समजून, टाळ्या." टाळ्या व्हायच्या. इतिवृत्तात लिहिलं जायचं, टाळ्यांनी मंजूर. मग साबुदाणा वडे.

मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या मदर सुपीरियर वर्गात येऊन विचारायच्या, "एनी ऑब्जेक्शन, गर्ल्स?" हातात छडी असायची. वर्गातल्या एकाही मुलीला कधी कशालाच आक्षेप नव्हता. गुरुनाथरावांच्या हातात छडी कधीच नव्हती. वडे होते. परिणाम तोच.

गेल्या वर्षी जानेवारीत आपल्या चर्चामंडळाचा विषय होता: रशियाच्या लोकप्रिय हुकूमशहाशी पाश्चात्त्य देशांनी कसं वागावं? विषय माझा. वक्ते दोन, एक मी आणि दुसरी वेरा.

धवल, इथून पुढे रेकॉर्डिंग बंद कर बाळा. लाल दिवा गेला का? बरं. वेराच्या घरची माणसं अजून तिकडे राहतात, म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेरा ही आपल्या ऋषभची बायको. तो आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो, ती तिथेच शाळेत गणित शिकवते. जन्माने रशियन. मराठी इतकं शिकली आहे की इथे वाढलेल्या आपल्या नातवंडांनी लाजावं. तिने भाषण तयार केलं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात गुरुनाथरावांनी ऋषभला फोन करून सांगितलं, "वेराला म्हणावं, तो तुझा मधाचा केक आण. भाषण राहू दे."

मला कळल्यावर मी गुरुनाथरावांना फोन लावला. म्हटलं, "तिचा केक चालतो, तोंड चालत नाही?"

"तसं नाही शामलाताई. मंडळात नाना मतांची माणसं. आपल्या दिनकररावांना तर ते नेते म्हणजे देव. उगाच वाद नको."

"चर्चामंडळात वाद नको, तर काय करायचं? हळदीकुंकू?"

"सगळ्यांना असंच वाटतंय हो."

"कुणाला विचारलंत?"

"विचारायला कशाला हवं? मला माहीत आहे ना."

इथे काही जण मनातल्या मनात तुलना करू लागले असतील. कृपा करून करू नका. गुरुनाथरावांनी कुणाला तुरुंगात टाकलेलं नाही. विरोध करणाऱ्याला फार तर चहाच्या समितीत टाकलं, आणि त्या समितीत मी सात वर्षं काढली आहेत. चहा बरा असतो आपला. पण "मला माहीत आहे ना" हे वाक्य माझ्या कानात राहिलं, हेही खरं.

तर तो कार्यक्रम. मी जे बोलले ते थोडक्यात सांगते, कारण त्या दिवशी निम्मे लोक मोबाइलवर होते. मी म्हटलं, पाश्चात्त्यांनी आधी त्या गृहस्थांचं कौतुक केलं. स्वस्त गॅस घेतला, त्यांच्या श्रीमंतांना लंडनमध्ये घरं विकली. मग इथल्या शिफोल विमानतळावरून निघालेलं ते प्रवासी विमान त्यांच्या क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. आइंडहोव्हनहून शवपेट्यांच्या गाड्यांची रांग निघाली, तेव्हा मी महामार्गावरच्या पुलावर उभी होते. इतकी माणसं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यानंतरही युरोप कित्येक वर्षं त्यांचाच गॅस घेत राहिला. हे काय धोरण झालं? मग मोठं युद्ध सुरू झालं, तेव्हा वाटलं की निर्बंध घातले की लोकच त्यांना खाली खेचतील. लोकांनी खेचलं नाही. मी तीस वर्षं रॉटरडॅमच्या बंदरात कस्टम एजंटाच्या ऑफिसात काम केलं. थेट पाठवायला बंदी असलेला माल तिसऱ्याच देशाचा पत्ता लावून कसा पोचतो, हे मला कुणी शिकवायला नको. त्या आडवाटा बंद करा, शेजाऱ्याला लढायला लागेल ते द्या, आणि त्या गृहस्थांबरोबर हसरे फोटो काढणं थांबवा. आणि हो, त्यांच्या एकाही नागरिकाला व्हिसा देऊ नका. हे शेवटचं मी जरा जोरात म्हटलं होतं.

त्यावर दिनकरराव उभे राहिले. "पण तिथल्या लोकांना तो हवा आहे ना? मग तुम्ही-आम्ही कोण ठरवणार? नेता असावा तर असा."

मी म्हटलं, "दिनकरराव, तुम्ही इथे उभं राहून माझ्या तोंडावर मला चूक ठरवताय आणि रात्री आपल्या बिछान्यात झोपणार आहात. हे जिथे जमतं, तिथे लोकप्रियता मोजता येते. जिथे जमत नाही, तिथला आकडा मला सांगू नका. आणि समजा, आहे लोकप्रिय. शेजाऱ्याच्या घरात घुसायला घरच्यांची संमती होती, म्हणून ते घुसणं चालतं का?"

मग मी म्हटलं, "माझी दहा मिनिटं उरली आहेत. ती मी वेराला देते."

गुरुनाथराव उठले, माइक घेतला. अगदी हसतमुखाने म्हणाले, "वेळ झालेली आहे. शामलाताईंनी छान विचार मांडले. सर्वांच्या वतीने त्यांचे आभार. टाळ्या." झाल्या टाळ्या. का होणार नाहीत? हातांना सवय होती.

वेरा मागे टेबलाशी केक कापत होती. हातातली सुरी तशीच धरून ती म्हणाली, "आमच्याकडे पण अशाच वाजतात."

ओरडून नाही. पण टाळ्या ओसरत होत्या, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

आता खरा गौरव. त्या क्षणी गुरुनाथरावांना पुष्कळ काही करता आलं असतं. हसण्यावारी नेता आलं असतं. केकची तारीफ करता आली असती, त्यात ते पटाईत आहेत. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते खाली उतरले, हॉल ओलांडून मागे गेले आणि माइक वेराच्या हातात दिला. सुरी स्वतः घेतली. ती बोलत होती तोवर अध्यक्ष केक कापत होते, आणि तुकडे अत्यंत वेडेवाकडे कापले.

वेरा जे बोलली ते तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं आहे. जे नव्हते त्यांच्यासाठी सांगते. ती म्हणाली, "माझ्या आईचं त्याच्यावर प्रेम आहे. खरंच आहे. ती म्हणते, त्याच्या आधी आम्हाला पगार मिळत नव्हता, आता पेन्शन वेळेवर येतं. शेजारचा मुलगा लढाईवर गेला, परत आला नाही. मी विचारलं, तो कशासाठी गेला? आईने फोन ठेवला. दोन महिने घेतला नाही. पण एक गोष्ट सांगते. आई त्याचं कौतुक करते ना, तेव्हासुद्धा आवाज बारीक करते. कौतुक करायला आवाज बारीक कशाला?"

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, माल अडवा. त्याच्याशी हात मिळवू नका. सगळं बरोबर. पण माझ्या आईला व्हिसा नको म्हणालात, तर ती तिथेच बसणार, त्याच टीव्हीसमोर. मग तिला मोठ्याने बोलणारी माणसं दिसणार कुठे?"

त्यावर मी गप्प बसले. दिनकरराव म्हणतात, या मंडळाच्या इतिहासात ते पहिल्यांदाच घडलं.

मार्चमध्ये वार्षिक सभा आली. सचिव म्हणाले, "अध्यक्षपदासाठी गुरुनाथरावांचं नाव..." आणि टाळ्यांसाठी हात वर आलेले असताना गुरुनाथराव म्हणाले, "थांबा. या वेळी चिठ्ठ्या." लोक म्हणाले, कशाला? उमेदवार एकच आहे. ते म्हणाले, "हो किंवा नाही, एवढंच लिहा. नाव घालू नका." स्ट्रोपवाफेल बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला. मोजणी झाली. गुरुनाथराव निवडून आले. मात्र एक तृतीयांश चिठ्ठ्यांवर "नाही" होतं.

नंतर स्वयंपाकघरात ते कपाटाला टेकून उभे होते. वड्यांना हात लावला नव्हता. मला म्हणाले, "शामलाताई, एक तुमची, हे मी धरून चाललो होतो. बाकीच्या कुणाच्या?"

"ते कळू नये म्हणूनच चिठ्ठ्या होत्या ना?"

"पण मी काय केलं त्यांचं?"

"काहीच केलं नाहीत. बरंच दिलंत. तरी नको होतात त्यांना."

"मग दर वर्षी टाळ्या का वाजवत होते?"

"तुम्ही दुसरं काही विचारलंत का त्यांना कधी?"

ते वळले आणि सिंकमधले कप विसळायला लागले. मला वाटलं, रागावले. रागावलेही असतील, माणूस आहे. मग म्हणाले, "जिंकलोय, तर एक वर्ष करतो. नीट करतो. मग दुसरं कुणीतरी." माझा विश्वास बसला नाही. असं म्हणणारे पुष्कळ पाहिले आहेत. पुढच्या वर्षी काही अडचण निघते, देश संकटात असतो, हॉलचं बुकिंग त्यांच्याच नावावर असतं.

ते वर्ष आज संपलं. बुकिंग धवलच्या नावावर झालं आहे. मंडळाच्या किल्ल्या त्या तिथे टेबलावर ठेवल्या आहेत, आणि गुरुनाथराव मघापासून त्यांच्याकडे बघत नाहीयेत, हे मी पाहिलं आहे. त्यांना सोपं जात नाहीये. जाऊही नये.

आता तिसऱ्या रांगेत बघा. निळा स्वेटर घातलेल्या बाई वेराच्या आई आहेत. मागच्या पंधरवड्यात आल्या. पर्यटनाचा व्हिसा मिळणारच नव्हता. लेकीला भेटण्याचा मिळाला, तोही कितीतरी खेपा घालून, आणि आल्या इस्तंबूलमार्गे. मी त्याला विरोध केला नाही. माझं मत बदललं आहे का? अर्धं. त्या गृहस्थांबद्दलचं तसूभर नाही. त्या बाईंचंही नाही, ऐकते मी. परवा त्या वेराला म्हणाल्या की युरोपातली दुकानं रिकामी असतात असं ऐकलं होतं, आणि हे त्यांनी आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये, पंचवीस प्रकारच्या चीजसमोर उभं राहून सांगितलं. आवाज बारीक करूनच. टीव्ही एका खेपेत उतरत नाही डोक्यातून.

आज चहाच्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले होते. चहा आमच्या समितीचाच. त्यांनी स्टेजवरचे हार पाहिले, शाल-श्रीफळ पाहिलं, आणि वेराला विचारलं, हा कशाचा कार्यक्रम? वेरा म्हणाली, अध्यक्ष पद सोडतायत. त्यांनी गुरुनाथरावांकडे नीट निरखून पाहिलं. मग वेराच्या कानाशी लागून जे विचारलं ते वेराने मला मराठीत सांगितलं, "आजारी आहे का?"

वेरा म्हणाली, "नाही."

"मग का जातोय?"

वेराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी स्टेजवरून सांगते.

पाश्चात्त्यांनी काय करावं, हे मी त्या जानेवारीत सांगितलं आणि त्यातलं फारसं मागे घेत नाही. फक्त एक वाढवते. अशा बाईला अशा हॉलमध्ये एक खुर्ची द्यावी आणि गप्प बसावं. तिला शिकवायला जाऊ नये. तिने बघावं.

धवल, आता रेकॉर्डिंग सुरू कर. आभाराचं तरी राहू दे.

डॉ. देवस्थळी, पंधरा मिनिटांची वेळ ओलांडली तरी घंटी वाजवली नाहीत, त्याबद्दल ऋणी आहे. श्री. फर्म्यूलन यांचे आभार, त्यांना नंतर कुणीतरी डचमध्ये सांगा, पण सगळं सांगू नका. दिनकरराव, तुम्ही मला पुढेही विरोध करत राहा, माझी तब्येत त्याने चांगली राहते. गुरुनाथराव, माझी चिठ्ठी "नाही"च होती, आणि आज डबा फिरला तरी "नाही"च लिहीन. दहा वर्षं पुष्कळ झाली. चटणीबद्दल मात्र माझ्या घराचं तुमच्याकडे जे देणं आहे ते फिटणारं नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला.

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे आज ज्याचं त्याने ठरवावं. मी वाजवणार आहे.

आणि वेरा, आईला सांग, ते आजारी नाहीत. ठणठणीत आहेत. ठणठणीत असताना जातायत.