समुद्रकाठचं पारणं

श्रीगजाननाला आणि गुरुचरणांना वंदन करून बोलतो. मंडळाच्या अंकासाठी परदेशातल्या जेवणाची एखादी आठवण सांगा असं तुम्ही म्हणालात, म्हणून ही सांगतो. माझा जन्म कऱ्हाडजवळच्या खेड्यातला, अध्ययन पाठशाळेत झालं, पुढे आयुष्यभर संस्कृत शिकवलं, आणि अन्नाविषयीचा नेम वडिलांकडून आला तो इथे श्रूजबरीला मुलाकडे आल्यावरही सोडला नाही. कुणी प्रसाद आणून दिला तरी मी आधी विचारणार, कुणी केला, कशात केला. आमची सौभाग्यवती म्हणते, वैकुंठात गेलात तरी विचाराल, मुदपाकखान्यात कोण आहे.

गेल्या शरदात अनिरुद्धनं, म्हणजे मुलानं, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात सुटीसाठी घर भाड्यानं घेतलं. उन्हाळा सरलेला, गाव निवांत, रस्त्यावर माणसांपेक्षा पक्षी अधिक. शिधा हिनं बरोबर घेतला होता, भांडी मात्र घरी राहिली, आणि काय सांगू तुम्हाला, तिथलं एकेक पातेलं मी नाकाशी धरलं तर प्रत्येकाला मासळीचा वास. मी म्हटलं, यात काही शिजायचं नाही. आदल्या दिवशी आम्हा दोघांची एकादशी झालेली, त्या सकाळी द्वादशीचं पारणं, ते इथल्या पंचांगाप्रमाणे दुपारच्या आत व्हायला हवं, आणि हिचा दंडक असा की पारण्याला भात हवा आणि माझ्याआधी ती घास घेणार नाही. त्यात हिला मधुमेह.

अनिरुद्ध फोनवर शोधू लागला. बाबा, इंडियन रेस्टॉरंट्स तीन दाखवतंय, एक सीझन संपला म्हणून क्लोज्ड, दुसरं संध्याकाळी उघडतं, तिसऱ्याकडे ड्राइव्ह करू या. तिसरं उघडं होतं. दारात गणपती, त्याला ताजं फूल, आणि मला तेव्हाच शंका आली, कारण दारात गणपती आहे एवढ्यावरून चुलीवर काय आहे ते कळत नाही. मालक फार हसतमुख. मी विचारलं, भातात कांदा घालता ना, म्हणाला, हो हो, घालतो. थोड्या वेळानं विचारलं, भातात कांदा नसतो ना, म्हणाला, छे, अजिबात नाही. मी अनिरुद्धकडे पाहिलं. तो म्हणाला, बाबा, प्लीज, आईकडे बघा. हिचे हात कापत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक नेपाळी बाई आली, तिथली आचारी. हिचे हात पाहून तिनं हिंदीत विचारलं, माताजींना काय होतंय. अनिरुद्धनं उपवासाचं सांगितलं. ती मालकासमोरच म्हणाली, इथलं काही देऊ नका, कोंबडी आणि भाजी आम्ही एकाच तेलात तळतो. मी माझ्यासाठी डाळभात केलाय, माझ्या घरच्या पातेल्यात, तो आणते. मालकाचं हसू मावळलं. बाईनं ताट वाढून आमच्यापुढे ठेवलं. माझी चौकशी मात्र संपली नव्हती. मी विचारलं, त्या पातेल्यात मांस कधी शिजलं नाही ना. नाही म्हणाली असती तर मला कुठे कळणार होतं? पण ती म्हणाली, दसऱ्याला बकरं शिजतं, बाबूजी, मग घासून ठेवते.

मी ताट दूर सारणार, तोच हिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सकाळपासून खरं बोलणारं एवढंच माणूस भेटलं. मी जेवते. तुम्ही चौकशी चालू ठेवा."

आणि तिनं ताटाला हात जोडले, आणि जेवली. उभ्या संसारात प्रथमच माझ्याआधी. हळूहळू हात कापायचे थांबले. मग तिच्याच ताटात उरलेला भात मी ओढून घेतला, आपोष्णी घेतली, आणि दुसरं काही न विचारता माझंही पारणं केलं.

संशय गेला असं म्हणणार नाही. हसून हो म्हणणाऱ्याची मला अजून धास्ती वाटते. मात्र आता एकादशीनंतर ही आधी बसते, आणि मी वाढतो.

अंक वाचणाऱ्या सर्वांच्या घरी वाढणारा हात सत्याचा असो, पानावर बसलेल्याला घास वेळेवर मिळो, आणि तुमच्या लेकराबाळांवर अन्नपूर्णेची छाया राहो.